मेश्राम मॅडमचे पेशंट

माझ्या आईची टाच दुखायला लागली तेव्हा घरात फिजिओथेरपिस्ट आयती होती. मी. वारज्याहून हडपसरला रोज स्कूटी दामटत जाऊन मी परक्यांच्या टाचा, गुडघे आणि खांदे बघत होते. पण आई म्हणाली, "तुमच्याकडच्या त्या मेश्राम मॅडमची वेळ मिळते का बघ." माझ्यात काय खोट आहे असं विचारल्यावर तिनं निवडायच्या मेथीवरची नजर न काढता सांगितलं, की खोट काही नाही, पण तू ऐकून घेत नाहीस. तेव्हा विशाखा मेश्रामविषयी मी निर्विकार मनानं लिहीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

मला तिचा हेवा वाटायचा. 'निकोप स्पर्धा' वगैरे शब्द निरोप समारंभात बोलायला ठीक असतात. मला सरळ हेवा वाटायचा, आणि ती सकाळी जिना चढून आली की तो रोज ताजा व्हायचा. हेव्याचा एक फायदा असतो. ज्याचा हेवा वाटतो त्या माणसाकडे आपण फार बारकाईनं बघतो. मिलिंदनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानंही तिला इतकं निरखलं नसेल.

आमचं क्लिनिक हडपसरला, मुख्य रस्त्यापासून जरा आत, पहिल्या मजल्यावर. मालक हाडांचे डॉक्टर. आम्ही सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. मी लागले तेव्हा आमच्याकडे कारखान्यातले कामगार यायचे, मंडईत पाट्या उचलणाऱ्या बायका यायच्या. मग खराडीकडे काचेच्या इमारती उठायला लागल्या आणि आमचा पेशंट बदलला. माउस धरून कोपर दुखवून घेतलेले इंजिनियर, मान आखडलेल्या पोरी आणि चाळिशी दिसल्यावर अचानक पळायला लागलेले मॅनेजर. जुना पेशंट "कामावर कधी जाऊ" विचारायचा. नवा पेशंट बरं व्हायची तारीख मागायचा आणि ती मोबाइलमध्ये टाकून ठेवायचा.

याच सुमारास विशाखा आली. नागपूरची. मिलिंद खराडीत सॉफ्टवेअर कंपनीत लागला म्हणून हिचं बिऱ्हाड इकडे आलं. माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान, पण पहिल्या दिवशी पहिल्याच वाक्यात तिनं मला 'ताई' करून टाकलं. अंगानं बारीक, केसांचा घट्ट अंबाडा, आवाज मात्र पलीकडच्या खोलीपर्यंत जाणारा. आपल्या कपाटाच्या दाराला आतून तिनं बाबासाहेबांचा लहानसा फोटो चिकटवला होता. कपाट उघडलं की तो दिसायचा. त्याबद्दल आमच्यापैकी कुणी कधी काही बोललं नाही, आणि आपण काही बोललो नाही याचं सगळ्यांना फार समाधान होतं.

घर शोधतानाचे किस्से ती डबा खाताना हसत सांगायची. फोनवर घर रिकामं असायचं. भेटायला गेल्यावर आडनाव सांगितलं, की नेमकं आदल्याच दिवशी कुणीतरी टोकन देऊन गेलेलं असायचं. "पुण्यातली माणसं लई सभ्य आहेत ताई," ती म्हणायची. "नाही म्हणून कोणीच नाही म्हणत. घरच गेलेलं असते." आम्ही हसायचो. मग कुणीतरी तिच्या डब्यातल्या वडाभाताची चौकशी करायचं आणि विषय भाताकडे जायचा.

ती आल्यावर काही महिन्यांनी सरांनी शॉकवेव्हचं मशीन घेतलं. नाव ऐकून लोकांना वाटतं की विजेचा झटका देणार. तसं काही नसतं. हातात धरायचं एक दांडकं असतं, त्याच्या टोकातून दाबाच्या लाटा टकटक, टकटक करत दुखऱ्या जागी सोडायच्या. महिनोन्‌महिने हटत नाही अशा दुखण्यांसाठी ते असतं: टाच, कोपर, खांदा, स्नायूला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या कंडरा. आठवड्यातून एकदा, अशा थोड्याच बैठका. लागतं बऱ्यापैकी. आणि खरा गुण लगेच येत नाही. बैठका संपून महिना-दीड महिना उलटतो, कधी तीन महिने, तेव्हा कुठं माणूस म्हणतो की अरे, आज दुखलं नाही.

हे पेशंटला समजावणं अवघड. मी रक्तपुरवठा, पेशी वगैरे सांगायचे आणि समोरचा मान डोलवून घड्याळ बघायचा. विशाखा म्हणायची, "तुमच्या घरात गळती आहे. घरमालकाला एकदा सांगितलं, त्यानं थोडं सिमेंट फासलं आणि विसरला. आता त्याचं दार परत ठोठावायचं. हे मशीन म्हणजे ते ठोठावणं. पण घरमालक आहे तो. आज ठोठावलं आणि उद्या आला, असं होते का कधी?" पेशंट हसायचे आणि त्यांना कळायचं. मी ही उपमा कधी वापरली नाही. वारज्याचा फ्लॅट आमच्या मालकीचा होता, त्यामुळे ती मला सुचली नसती हे खरं, पण तिला सुचली याचा राग यायचा तो यायचाच.

मशीन माझ्या ताब्यात राहणार असं सरांनी आधी सांगितलं होतं. मी जुनी होते. कंपनीचा माणूस ते दाखवायला आला तेव्हा त्यानं विचारलं, कुणावर करून दाखवू. विशाखानं सँडल काढून टाच पुढे केली. दिवसभर उभं राहून तिची टाच खरोखरच दुखायची. दांडकं जागेवर टेकताच ती मोकळेपणानं "आई गं" म्हणून ओरडली, लगेच हसली आणि म्हणाली, चालू द्या, हीच जागा. मग माझी पाळी आली. मी कोपर पुढे केलं. आमच्या घरी इंजेक्शन घेताना तोंड वाकडं करणं हेसुद्धा वाईट वळणाचं लक्षण समजत. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

"ताई, दुखून राहिलं का?" विशाखानं विचारलं.

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

"मग जागा चुकली असेल. सर, पेशंटनी सांगितल्याबिगर जागा कशी सापडणार?"

कंपनीचा माणूस म्हणाला की मॅडमचं बरोबर आहे, जिथं सर्वांत जास्त दुखतं तिथंच मारायचं, आणि ते फक्त पेशंटच सांगू शकतो. विशाखानं त्याच्या हातातून दांडकं घेतलं आणि बोटभर खाली सरकवलं. मी खुर्चीतून उठले. सर मनापासून हसले. त्या दिवसापासून मशीन आम्हा दोघींच्या ताब्यात आलं.

तिची आणखी एक खोड होती. पेशंटचा पाय बघायच्या आधी ती बाहेर जाऊन त्याची चप्पल बघायची. चपला काढायच्या मांडणीपाशी उकिडवी बसून ती एकेक चप्पल उलटी करायची, टाच कुठून झिजली आहे, अंगठ्याखाली खड्डा पडला आहे का ते बोटानं चाचपायची. आमच्याकडे पेठेतून एक लिमयेकाका यायचे. बँकेतून निवृत्त झालेले, रोज पर्वती चढणारे, टाचेच्या दुखण्यानं पर्वती बंद झाल्यापासून जगावर नाराज असलेले. विशाखानं त्यांची चप्पल हातात घेतलेली पाहून ते ताडकन उठले. "अहो, चपलेला कसला हात लावताय? आत चला, पाय दाखवतो." विशाखा म्हणाली, "पाय खोटं बोलते काका. चप्पल नाही बोलत." काका संकोचानं इतके लाल झाले की मला वाटलं आता हे परत येत नाहीत. पुढच्या आठवड्यात ते नव्या चपला घालून आले आणि जुन्या पिशवीतून घेऊन आले, तिला दाखवायला.

लिमयेकाकांचीच दुसरी गोष्ट सांगते. पुढच्या बैठकीला विशाखा त्यांच्या टाचेवर मशीन फिरवत होती आणि काका पडद्याआड शांत पडून होते. मी पलीकडे एका बाईंचा खांदा हलवत होते. टकटक थांबली. विशाखानं विचारलं, "काका, गोळी खाऊन आले ना?"

काकांनी आधी कुठली गोळी असं विचारलं. मग कबूल केलं, की निघताना एक दुखण्यावरची घेतली होती. बाईमाणसासमोर ओरडायची वेळ येऊ नये म्हणून. यात काकांचं काही विशेष नव्हतं. आमच्याकडचे निम्मे पुणेकर तसंच करायचे आणि वर आम्हाला सांगायचे, की छे, काही लागत नाही हो तुमच्या मशीननं. पण गोळीनं दुखरी जागा झाकून जाते, आणि शरीराला जी खडबडून जाग आणायची ती गोळी पुन्हा निजवते. माझ्याही ते लक्षात यायचं. मी कुरकुरत का होईना, बैठक उरकायचे. विशाखानं मशीन बंद केलं. म्हणाली, पुढच्या आठवड्यात गोळी न घेता या, आणि ओरडावंसं वाटलं तर ओरडा.

काका तिला "ठीक आहे मॅडम, आपण म्हणाल तसं" म्हणाले, नमस्कारही केला. मग जिन्यात मला गाठून म्हणाले, "मी पेठेतून हडपसरला परत जायला येत नाही. ही काय पद्धत झाली? तुम्ही इथल्या सीनियर ना? तुमचं काही लक्ष आहे की नाही?" मी त्यांना म्हटलं, तुम्हाला गोळी मी दिली नव्हती. असे आम्ही दोघं जिन्यात बराच वेळ एकमेकांना ऐकवत उभे होतो.

पुढच्या आठवड्यात ते आले. पडद्याआडून त्यांचा जो आवाज आला तो ऐकून बाहेर बसलेल्या लोकांची बोलणी थांबली. थोड्या वेळानं काका शर्ट खोचत बाहेर आले, सगळ्यांकडे एकदा बघून म्हणाले, "बसा. लागतं. पण सांगता येतं." आणि गेले. त्यानंतर अर्धी पेठ आमच्याकडे पाठवली त्यांनी, सगळी मेश्राम मॅडमकडे. पर्वती पुन्हा सुरू झाल्यावर ते पेढे घेऊन आले तेव्हा मी दारातच होते. माझ्याही हातावर एक पेढा ठेवून म्हणाले, "तुम्हीही चांगल्या आहात." त्या 'ही'वर मी आठवडाभर जळत होते.

आईला मी शेवटी तिच्याकडे नेलं. माझी कल्पना अशी, की विशाखा मशीन लावेल, आई ओरडेल आणि पुन्हा नाव काढणार नाही. विशाखानं आधी चप्पल बघितली, मग आई कुठल्या गोळ्या घेते ते विचारलं. आई हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी घेते हे मला माहीत होतं, आणि विशाखा मशीनला नाही म्हणणार हेही मला कळायला हवं होतं. ती नाहीच म्हणाली, कारण अशा माणसाला त्या लाटांनी आत रक्त साकळायची भीती. आईला टॉवेलनं पाय ताणायचा एक साधा व्यायाम शिकवला आणि घरातसुद्धा अनवाणी चालू नका म्हणून सांगितलं. हाच व्यायाम मी आईला महिनाभर आधी शिकवला होता. तेव्हा तिनं त्या टॉवेलनं ओटा पुसला होता. आता ती रोज संध्याकाळी मालिका बघताना पाय ताणत बसायची आणि आल्यागेल्याला सांगायची, की मेश्राम मॅडमनी शिकवलंय.

हे सगळं मी सहन केलं असतं. खरी गोष्ट पुढे आहे.

सर खराडीत नवं सेंटर काढणार होते. मोठी जागा, नवं मशीन, हाताखाली तीन-चार माणसं, आणि ते चालवायला आमच्यापैकी एक. सरांनी उघड काही सांगितलं नव्हतं, पण आम्हा दोघींतूनच कुणीतरी जाणार हे आयाबायांनाही माहीत होतं. मला ती जागा पाहिजे होती. इतकी वर्षं दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये राबल्यावर दारावर आपलं नाव असावं असं मला वाटत होतं, आणि दुसरं काही माझ्या आयुष्यात त्या वेळी घडत नव्हतं. रात्री झोपताना मी त्या सेंटरमधले पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे ते ठरवायचे.

त्या दिवसांत अभिजित नावाचा पेशंट माझ्याकडे होता. खराडीतल्या मोठ्या कंपनीतला मॅनेजर, पळणारा. पोटरीला टाचेशी बांधणारी जी जाड कंडरा असते ती सुजून जाड झाली होती, सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला की तो लंगडायचा. सरांच्या नव्या सेंटरसाठी त्याच्या कंपनीचे लोक मिळणार होते, म्हणून सरांचं त्याच्यावर बारीक लक्ष होतं. त्याच्या सगळ्या बैठका मी केल्या. जागा नीट शोधून, त्याला बोलतं करून, माझ्या हातून झालेलं ते सर्वांत चांगलं काम होतं. पायरीवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायचा व्यायामही दिला. शेवटच्या बैठकीनंतर तो म्हणाला, "मॅडम, फ्रँकली, तुमच्या मशीननं काही झालेलं नाही. माझा वेळ गेला." मी त्याला थांबायला सांगितलं. थांबणं त्याच्या कंपनीत कुणी शिकवलेलं नव्हतं. आम्ही चांगले भांडलो, आणि तो पुढच्या आठवड्यापासून विशाखाच्या वेळेला यायला लागला.

विशाखानं त्याला मशीन लावलंच नाही. मी दिलेला पायरीचा व्यायाम तिनं त्याच्याकडून समोर उभं राहून करून घेतला, आणि वाट बघायला सांगितली. पुढे दिवस भरले. लाटांचा गुण यायचा तेव्हा आला. अभिजित एक मोठी शर्यत पळाला आणि गळ्यात पदक घालून थेट क्लिनिकमध्ये आला. सरांसमोर त्यानं विशाखाचे दोन्ही हात हातात घेतले. मी शेजारच्या खोलीच्या दारात उभी होते.

विशाखा म्हणाली, "सर, हे माझं काम नाही. हे ताईंचं आहे. लाटा त्यांनी मारल्या. मी फक्त यांना थांबायला लावलं."

सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात म्हणाली. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. माझा ऊर भरून आला. मग सर अभिजितला म्हणाले, "पाहिलंत? श्रेयसुद्धा घेत नाही. अशी माणसं मिळत नाहीत." पंधरवड्यानं खराडीचं सेंटर विशाखाला मिळालं.

म्हणजे तिनं खोटं बोलून श्रेय घेतलं असतं तर कदाचित मला काही म्हणता आलं असतं. खरं बोलून तिनं मला कायमची गप्प केली. मी तिला गच्चीवर गाठलं. काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, की मी म्हटलं, तुला माहीत होतं ते काम माझं आहे, तू स्वतः म्हणालीस, मग जागा कशी घेतलीस?

ती चहाचा कप कठड्यावर ठेवून शांतपणे म्हणाली, "खरं सांगणं माझं काम होतं ताई, ते मी केलं. जागा सोडणं माझं काम नाही. मला पाहिजे ती."

तिनं माफी मागितली नाही, समजूत काढली नाही. 'मला पाहिजे' हे दोन शब्द मी त्या जागेविषयी एकदाही मोठ्यानं बोलले नव्हते. सरांनी ओळखावं अशी माझी अपेक्षा होती. ती मात्र, मला नंतर कळलं, सेंटरची कुणकुण लागली त्याच आठवड्यात सरांच्या केबिनमध्ये जाऊन मला ते चालवायचंय असं सांगून आली होती. तिच्या हातांचा, तिच्या बोलण्याचा, आईच्या टॉवेलचा मिळून मला जेवढा हेवा वाटला होता, त्याहून जास्त या गोष्टीचा वाटला.

खराडीचं सेंटर तिनं उत्तम चालवलं. मी हडपसरलाच राहिले. खराडीच्या बातम्या माझ्यापर्यंत यायच्या आणि मी त्या मागवायचेही. दारापाशी चपलांची मांडणी तिनं मुद्दाम बसायच्या उंचीवर करून घेतली होती म्हणे. मोठमोठ्या पगाराची माणसं आपले बूट तिच्या हातात देऊन मोजे सावरत उभी राहायची. दिवाळीला मी एकदा तिकडे गेले तेव्हा बाहेर बसलेल्यांत आमचे हडपसरचे दोन जुने पेशंट दिसले. त्यांनी मला बघून पेपर वर धरले.

बरीच वर्षं अशी गेल्यावर नागपूरला तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. रेल्वेत नोकरी केलेले, तिला हट्टानं शिकवणारे वडील. तिनं जायचं ठरवलं, मिलिंदनं तिकडे बदली मागून घेतली, आणि सरांनी खराडी माझ्याकडे दिली. ज्या गोष्टीसाठी मी झुरले ती अशी, दुसऱ्याच्या घरातल्या आजारपणामुळं, एका फोनवर मिळाली.

शेवटच्या दिवशी तिनं मला सगळे पेशंट समजावून दिले. कोण ओरडतो, कोण गोळी लपवतो, कोणाची बायको व्यायाम करून घेते. पंधरा-वीस जण असे होते ज्यांच्या बैठका संपल्या होत्या आणि गुण यायचा होता. त्यांच्याविषयी ती म्हणाली, "यांचं ठोकून झालं ताई, आता नुसती वाट पाहायची आहे. बरं वाटलं की तुमचं नाव घेतील. घेऊ द्या."

ते 'घेऊ द्या' मला फार लागलं. ती मला देऊन जात होती. खुर्ची दिली आणि वर खिशात कौतुकही घालून निघाली.

आणि तसंच झालं. ती गेल्यावर महिन्या-दीड महिन्यात खराडीत माझ्या नावाचा गाजावाजा झाला. कुणाचा खांदा सुटला, कुणाचं कोपर कप उचलायला लागलं, लोक मिठाई घेऊन यायला लागले. नव्या मॅडमच्या हाताला गुण आहे असं कंपन्यांच्या कँटीनमधून पसरलं. मी प्रत्येकाला तोडून सांगायचे, की हे माझं नाही, मेश्राम मॅडमचं आहे, मी तुम्हाला हातसुद्धा लावलेला नाही. मोठेपणानं नाही सांगत होते. तिनं टाकलेलं दान मला नको होतं, एवढंच. त्यावर एक कोपरवाला इंजिनियर पेढ्यांचा खोका पुढे करत हसला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण सेम त्यांच्यासारख्याच आहात. त्यांनीही कधी क्रेडिट घेतलं नाही." इतक्या वर्षांत माझं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि झालं ते तिच्या नावानं.

त्या दिवशी घरी जाताना एक विचार मनात आला आणि तो जाईना. मी खरं सांगत होते ते जळून सांगत होते. मग तिनं सरांसमोर खरं सांगितलं होतं ते कशानं?

मुलीच्या शाळेचा दाखला न्यायला ती उन्हाळ्यात पुण्याला आली तेव्हा सेंटरवर भेटायला आली. वाळली होती, केस कापले होते. वडील उजव्या हातानं चमचा धरतात म्हणाली. चहा झाल्यावर मी विचारलंच, की अभिजितचं सरांना खरं का सांगितलंस? चांगुलपणानं?

"चांगुलपणानं काहून सांगीन?" ती म्हणाली. "उष्टं नको होतं मला. आमच्या घरात दुसऱ्याचं उष्टं कोणी खात नाही ताई, आजोबांनीच सोडलं ते. आणि तुमचं तर नकोच होतं. लई जळायची मी तुमच्यावर."

"माझ्यावर? कशासाठी?"

"तुमचे पेशंट तुमच्याशी भांडायचे. उशीर काहून केला, हात जड आहे तुमचा, वेळ गेला आमचा, सारं तोंडावर बोलायचे. लिमयेकाका मला नमस्कार करून गेले आणि तुमच्याशी जिन्यात भांडले. मी वरून ऐकून राहिली होती. माझ्याशी इतक्या वर्षांत एक माणूस नाही भांडला. सगळे चांगलंच वागायचे. आपल्या माणसाशी कोणी इतकं चांगलं वागते का?"

अभिजित माझ्याशी भांडून तिच्याकडे गेला होता, आई मला टाकून बोलून तिच्याकडे गेली होती. त्या सगळ्यांना मी इतकी वर्षं तिचं यश समजत होते. ती मात्र त्या भांडणांकडे बघत होती.

मी तिला खाली रस्त्यापर्यंत सोडायला गेले. दुपारचं ऊन होतं. तिनं रिक्षा थांबवली आणि स्टेशन म्हणाली. रिक्षावाल्यानं तोंडानंच पैसे सांगितले. मीटरनं काहून येत नाही, असं तिनं विचारलं. त्यानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हटलं, "मीटर आहे बाई, पण तो फक्त पुणेकरांना दिसतो."

"मला दिसून राहिला," विशाखा म्हणाली. "टाका."

"तुम्ही नागपूरच्या ना? मग तिकडूनच रिक्षा घेऊन यायची होती."

"आणली असती. तुमच्या रस्त्यांवर टिकली नसती."

मी मधे पडायला पुढे झाले, पण तिनं हातानं मला थांबवलं. ती पिशवी आत टाकून बसली आणि तिथूनच त्याला पुढचं ऐकवायला लागली. तो मान मागे वळवून उत्तरं देत होता. मीटर पडल्याचा आवाज आला. रिक्षा हलली तेव्हा तिनं डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघितलं, आणि मी तिला इतकी खूष कधीच पाहिली नव्हती.

पुढच्या सिग्नलला रिक्षा थांबली तरी दोघांचं चालूच होतं. तिचे हातवारे मला लांबून दिसत होते. जन्मापासून पुण्यात राहून मी कुणाशी एवढ्या आनंदानं भांडले नव्हते.